अकराव्या रिळानंतर दहावं

बोरिवली (पूर्व)
९ जानेवारी १९८६

अनंत,

आधी ‘प्रिय’ लिहिलं आणि खोडलं. चार वर्षांनंतरचं पहिलं पत्र, सुरुवातीलाच सलगी नको. तुझा पत्ता वसुधाताईंनी दिला, तोही सहजासहजी नाही. त्यासाठी मुलुंडला दोन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला नुसता चहा मिळाला, पत्ता दुसऱ्या खेपेला. तुझी बहीण शोभते. तू कुडाळच्या शाळेत चित्रकला शिकवतोस आणि पोरं तुला अजिबात घाबरत नाहीत, एवढी माहिती मात्र चहाबरोबरच मिळाली.

पत्राचं कारण साधं आहे. माझ्या सिनेपरीक्षणांचं पुस्तक निघतंय. घाटकोपरच्या एका प्रकाशकांनी मनावर घेतलंय आणि पुस्तकाचं नावही त्यांनीच ठरवलंय: ‘मेल्यावरचं भाषण’. म्हणजे तुझ्या ‘खाविंद झोपलेत’वरचा माझा लेख. आजही कुठे भाषणाला गेलो की लोक त्याच लेखाबद्दल विचारतात. मुखपृष्ठासाठी त्यांना खाविंदाचा सज्जातला फोटो हवा आहे, एक हात जनतेसाठी वर आणि दुसरा जांभईवर, तो. मालाडला तुझ्या निर्मात्यांना, चंद्रप्रकाश शेठना, विचारलं. ते म्हणाले, सगळे फोटो अनंत घेऊन गेला, माझ्याकडे फक्त डबे आहेत. फोटो पाठवलास तर उपकार होतील.

दुसरं म्हणजे, मुलुंडच्या फिल्म सोसायटीची सेक्रेटरी क्षमा म्हणून एक उत्साही बाई आहे. ९ मार्चला, रविवारी सकाळी, ती तुझा सिनेमा लावतेय. आधी दहा मिनिटं मी बोलायचं आहे. तुलाही निमंत्रण येईल.

जुन्या प्रकाराबद्दल नव्याने लिहिण्यासारखं काही नाही. शेठच्या ऑफिसात डबे भरताना दोन झाकणांची अदलाबदल झाली आणि अंधेरीच्या प्रेस शोला अकरावं रीळ आधी लागलं, दहावं नंतर. तुझा हुकूमशहा आधी झोपेत मेला आणि मग सज्जात येऊन त्याने भाषण केलं. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर लेख छापायला गेला होता. तेव्हाही मी तुला हेच सांगितलं होतं. चूक कुणाची म्हणावी अशी नव्हतीच.

कुडाळची हवा मानवत असेल.

श्याम

बोरिवली (पूर्व)
२ फेब्रुवारी १९८६

अनंत,

फोटो आला नाही, उत्तरही नाही. पत्र पोचलं की नाही बघायला वसुधाताईंकडे गेलो. पोचलंय म्हणाल्या. तू त्यांना तसं कळवलंस, त्यापुढे काही नाही. पत्रात मी काय लिहिलं होतं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी भाजी निवडायची थांबवली आणि म्हणाल्या, “श्याम, अनंत पत्रं फाडत नाही रे. वाचतो आणि ठेवून देतो. त्याला खोटं नको पाठवूस, उगाच जागा अडते.”

त्यांना कसं कळलं ते विचारायचं धाडस झालं नाही. तेव्हा आता दुरुस्ती. मला दुसऱ्या दिवशी कळलं नाही. तिथेच कळलं.

नववं रीळ संपलं आणि पडद्यावर शयनगृह आलं. खाविंद पलंगावर, चिटणीस त्याच्या नाकाशी आरसा धरतोय. आपण दोघांनी तुझ्या मुलुंडच्या खोलीत तो भाग किती वेळा लिहिला असेल? आधी भाषण, मग मरण. मेलेल्याला उठवायची कुणाची छाती नाही, म्हणून अख्खं राज्य कुजबुजत बोलायला लागतं, हा शेवट. मला न कळणं शक्यच नव्हतं. एका मिनिटात कळलं. प्रोजेक्टरची खोली माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होती आणि आत आपला धोंडू होता. उठून दार वाजवलं असतं तर त्याने रीळ थांबवलं असतं. मी उठलो नाही.

वाटलं, दुसरं कुणीतरी उठेल. हॉलमध्ये आम्ही सोळा जण होतो. मेलेला माणूस सज्जात आला, जांभई देऊन बोलायला लागला, तरी एकही जण हलला नाही. आमच्या धंद्यात न कळलेलं विचारायचं नसतं. विचारलं की तुम्ही संपलात. सगळ्यांनी अंधारातच वहीत काहीतरी खरडलं.

मग बाहेर चहा आणि बटाटेवडे. आमची रीत तुला माहीत आहे. प्रेस शो संपला की कुणी आपलं मत देत नाही. हातात वडा घेऊन सगळे माणिकरावांकडे बघतात. आमच्यातले ते सगळ्यांत जुने, ते जे म्हणतील त्यावर रविवारच्या पुरवण्या निघतात. त्या दिवशी माणिकराव बराच वेळ नुसते चावत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, श्याम, तू अनंताबरोबर काम केलंयस, ते मेल्यावर भाषण देतो त्याचं काय?

मी म्हणालो, “हुकूमशहा मरतो. त्याचं भाषण मरत नाही.”

गंमत म्हणून म्हणालो. हसतील असं वाटलं होतं. माणिकरावांनी वडा बशीत ठेवला आणि वही काढली. त्यांचं बघून बाकीच्यांनी काढली. रविवारी सात वर्तमानपत्रांत परीक्षणं आली आणि पाचांत माझं ते वाक्य होतं. कुणी ‘मराठी पडद्यावरचा सर्वांत धाडसी प्रसंग’ म्हणालं, कुणी ‘काळाची मोडतोड’ म्हणालं. मग मीच मागे कसा राहणार? माझा लेख सगळ्यांत लांब होता. त्या लेखाचं आता पुस्तक होतंय.

धोंडूला नंतर मी रागावल्याचं नाटकही केलं. तो म्हणाला, “माका जशे डबे दिल्यानी तशे मी लावलंय. झाकणार धा लिवलेला, मी धा लावलंय.” त्या सबंध इमारतीत खरं बोलणारा तो एकटाच होता.

फोटोची घाई नाही.

श्याम

बोरिवली (पूर्व)
१८ फेब्रुवारी १९८६

अनंत,

मागचं पत्र टाकल्यावर बरं वाटलं होतं. कबूल केलं, मोकळा झालो, असं. काल वसुधाताईंकडे हेच सांगायला गेलो, थोडी शाबासकी मिळेल या आशेने. मिळाली नाही. त्याऐवजी एक गोष्ट कळली. ती मला चार वर्षं माहीत नव्हती.

तुझे वडील गेले, तू तेरावा उरकून आलास, तोपर्यंत इकडे सगळं घडून गेलं होतं. मालाडच्या थिएटरात पहिले तीन दिवस सिनेमा बरोबर क्रमाने चालला. परीक्षणं वाचून आलेले लोक बाहेर येऊन मॅनेजरला विचारायचे, मेल्यावरचं भाषण कुठाय? कापलं का? चौथ्या दिवशी शेठने हुकूम काढला: पेपरात लिहिलंय तशी रिळं लावा, सगळीकडे. शेठ नळाच्या तोट्या विकणारा माणूस, त्याला गिऱ्हाईक मागेल ते द्यायची सवय. तू त्याच्याशी भांडलास, मग माझ्या ऑफिसात आलास. तू बसला नाहीस. टेबलाशी उभ्याउभ्या विचारलंस, “तू तिथं होतास ना? तुला कळलं नाही?”

मी म्हणालो, “नाही.”

तू बराच वेळ माझ्याकडे बघितलंस आणि गेलास. मी समजत होतो की तुला माझं खोटं कळलं, म्हणून तू संबंध तोडलास. ते मला सोयीचं होतं. चोराला पकडलं, शिक्षा झाली, हिशेब संपला. काल ताई म्हणाल्या की तसं नव्हतंच. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तिथून घरी जाऊन तू त्यांना म्हणालास, ज्याच्याबरोबर दीड वर्ष बसून लिहिलं त्यालासुद्धा फरक कळत नसेल, तर मी केलेल्यात फरक पडण्यासारखं काही नाहीच. आणि दुसरी पटकथा, अर्धी झालेली, माळ्यावर टाकलीस. ताईंनी ती अजून तिथेच ठेवलीय.

मला वाटत होतं की शेठने तुला सिनेमातून घालवलं. ते एका शब्दाने मी केलं. हे ऐकून मी त्यांच्या पाटावर किती वेळ बसून राहिलो, कोण जाणे. ताई शेवटी म्हणाल्या, आता ऊठ, मला जागा हवी आहे.

म्हणून पुन्हा लिहितो, या वेळी स्पष्ट. मला फरक कळला होता. आंधळ्यालाही कळला असता, इतका तो स्वच्छ होता.

आणि उठलो का नाही तेही लिहितो. दीड वर्षानंतर मीच सोडून गेलो होतो, हे काही बनायचं नाही म्हणून. तू बनवलंस. नामावलीत लेखक म्हणून एकट्या तुझं नाव होतं, माझं आभारांत, फर्निचर पुरवणाऱ्याच्या खाली. पण राग यादीचाही नव्हता. पहिली दोन-तीन रिळं बघूनच लक्षात आलं होतं की सिनेमा चांगला झालाय, माझ्याशिवाय. मग रीळ उलटं लागलं तेव्हा मला आनंद झाला. हा शब्द दोनदा खोडून पाहिला. दुसरा सापडत नाही.

९ मार्चला सिनेमा बरोबर क्रमाने लागेल. सोसायटीचा खेळ आहे त्याच थिएटरात धोंडू हल्ली कामाला आहे. झाकणांवर शेठने रंगाने नवे आकडे घातलेत, पण प्रत्येक रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या फितीवर मूळ आकडा असतोच, तो बघून लावीन म्हणाला. मी आधीच्या दहा मिनिटांत हे सगळं लोकांना सांगणार आहे. प्रकाशकांना सांगून झालं. त्यांचं म्हणणं, लेख काढला तर नाव जातं आणि नाव गेलं तर पुस्तक कशाला? मीही तेच म्हणालो. पुस्तक रद्द झालं.

तू ये. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची धरून ठेवतो. माझ्याशी बोलायची सक्ती नाही.

श्याम

बोरिवली (पूर्व)
१० मार्च १९८६

अनंत,

तू आला नाहीस. अकराच्या ठोक्याला क्षमाने ती खुर्ची एका काकांना देऊन टाकली.

थिएटर जवळजवळ भरलं होतं. मी स्टेजवर जाऊन सांगितलं. अंधेरी, झाकणं, वडे, माझं वाक्य, आणि मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं तेही. लोक हसले. आधी वाटलं बरं झालं, मोकळेपणाने घेतायत. मग समजलं की त्यांना हा विनोद वाटतोय, सिनेमा व्यंगाचा आहे तर वक्ताही व्यंगाने बोलतोय. मी पुन्हा सांगितलं, गंभीरपणे. ते आणखी हसले. पुढच्याच रांगेत माणिकराव होते. खाली उतरलो तेव्हा त्यांनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाले, “मला तेव्हाच शंका आली होती, बरं का.”

सिनेमा संपल्यावर चर्चा झाली. दाढीवाल्या एका पोराने उठून सांगितलं की जुनाच क्रम अधिक खोल आहे, दिग्दर्शकालाच आपल्या सिनेमाचा अर्थ कळला नव्हता. टाळ्या पडल्या. पुरावा म्हणून त्याने माझाच लेख वाचून दाखवला. माझ्या विरुद्ध माझा लेख. मला उत्तर देता आलं नाही, कारण लेख चांगला लिहिलाय.

पण हे सगळं बाजूला ठेव. कालच्याइतकी लाज मला कशाचीच वाटलेली नाही, आणि ती स्टेजवर वाटली नाही, अंधारात वाटली. तुझा सिनेमा मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही उलटा. तेवढ्यावर चार वर्षं बोलत आलो. काल पहिल्यांदा पाहिला. संपादकांना विचारलं, छापता का? ते म्हणाले, चार वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे, आता कोण वाचणार? तेव्हा हे परीक्षण एकट्या तुझ्यासाठी. या वेळी माणिकरावांकडे न बघता लिहितोय.

‘खाविंद झोपलेत’ पूर्णपणे जमलेला सिनेमा नाही. खाविंदाचं काम करणारा नट पहिला अर्धा तास हसवायच्या मागे लागलाय, दिग्दर्शकाने त्याला आवरायला हवं होतं. संगीत नको तिथे वाजतं. चौथं रीळ लांबलंय. त्यात दरबारातल्या जांभईचा प्रसंग तीनदा येतो. खाविंदाने जांभई दिली की सगळा दरबार जांभई देतो, हे एकदा मजेचं आहे, दुसऱ्यांदा भीतीचं आहे. तिसऱ्यांदा काहीच नाही. ती तिसरी जांभई कापायला हवी होती. मध्यंतरानंतर सिनेमाला सूर सापडतो.

आणि मग दहावं रीळ येतं. सज्जातलं भाषण. खाविंद काहीतरी बरळतो आणि जनतेने हसावं असा हुकूम देतो. चिटणीस मागे उभा राहून टाळ्या वाजवतो आणि सगळे गेल्यावर पुढे होऊन अदबीने सांगतो, फार सुंदर बोललात. अकराव्या रिळात तो सकाळी शयनगृहात येतो. आरसा धरतो. आरशावर वाफ येत नाही. तो दार आतून लावून घेतो, पलंगाच्या कडेला बसतो, आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलतो. “महाराज, आपण घोरता. कालचं भाषण मला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.” हे सांगताना तो मेलेल्या माणसाची चादर नीट करत असतो.

हा प्रसंग आपल्या कागदावर नव्हता. तो तू मी गेल्यावर लिहिलास. उलट्या क्रमात चिटणीस आधी खरं बोलतो आणि मग पुन्हा खोटं, म्हणजे एक नेहमीचा लाचार. म्हणून तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंही नाही. बरोबर क्रमात तो आयुष्यभर खोटं बोललेला आणि शेवटी खरं सांगायला लागलेला माणूस आहे, ज्याच्यापुढे ऐकणारं कुणी उरलेलं नाही. मी रडलो. शेजारच्या काकांनी, तुझ्या खुर्चीतल्या, मला रुमाल दिला.

फरक पडतो, अनंत. सबंध सिनेमा त्या फरकावर उभा आहे. असा प्रसंग मला लिहिता आला नसता. चौथ्या रिळाबद्दल मात्र मी लिहिलंय ते खरं लिहिलंय.

श्याम

बोरिवली (पूर्व)
२७ मार्च १९८६

अनंत,

पत्र मिळालं. चार पानं, पाठपोट. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि आधी एक ग्लास पाणी प्यायलो.

माझ्या कबुलीबद्दल त्यात एक ओळ नाही. माफ केलं म्हणून नाही, केलं नाही म्हणूनही नाही. माझी खुशाली नाही, तुझी नाही. चारही पानं चौथ्या रिळावर आहेत. पहिली जांभई जवळून घेतली आहे, दुसरी लांबून, आणि तिसऱ्या वेळी जांभई देणारा दरबार नसून पहारेकरी आहे, दाराबाहेरचा, ज्याला आतलं काही दिसत नाही, हे ज्याला दिसलं नाही त्याने परीक्षणं लिहू नयेत, असं तू म्हणतोस. नटाबद्दलचं माझं मत अर्धवट आहे. संगीताबद्दलचं मात्र बरोबर आहे, ते शेठच्या मेव्हण्याचं होतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. एका ठिकाणी पेन इतकं दाबलंयस की कागद फाटलाय.

पत्र घेऊन तसाच मुलुंडला गेलो. ताईंनी दारातच, चष्मा लावून, सगळं वाचलं. त्यांना जांभयांत काही रस नसणार, तरी एकही पान सोडलं नाही. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, “चार वर्षांत त्याने सिनेमा हा शब्दसुद्धा लिहिला नव्हता रे.”   त्यांनी स्टूल आणलं आणि मला माळ्यावर चढवलं. तुझी अर्धी पटकथा खाली आली आहे. मी ती उघडलेली नाही. जशीच्या तशी घेऊन येतो.

उद्या संध्याकाळी बोरिवलीहून निघणाऱ्या एस.टी.त जागा मिळाली आहे. शनिवारी सकाळी कुडाळला उतरेन, थेट शाळेत येईन.

पहारेकऱ्याचा मुद्दा मी दोन दिवस विचारात घेतला. तो मला दिसला नव्हता, हे कबूल. तरी तिसरी जांभई लांबच आहे. निम्मी करायला हवी.

श्याम